बारा हजार फायलींचा साक्षीदार : डॉ. ॲलन हायनेक

आकाशात काही दिसलं तर सामान्य माणसाने सांगायचं कुणाला? अमेरिकेत एकवीस वर्षं याचं उत्तर होतं, हवाई दलाला. त्या दप्तराचा सल्लागार असलेल्या आणि शेवटी त्याच दप्तरावर बोट ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट.

फेब्रुवारी १९७७. मुंबईपासून पस्तीसेक मैलांवरच्या हाळ गावात हॉलिवूडचं एक पथक येऊन उतरलं. दिग्दर्शक होते स्टीव्हन स्पीलबर्ग. प्रसंग असा, की मोठा जमाव एक सूर गातो आहे. हा सूर आला कुठून, असं विचारल्यावर सगळे एकदम आकाशाकडे बोट दाखवतात. पडद्यावर ते गाव उत्तर भारतातलं म्हणून दिसतं, पण आकाशाकडे गेलेली ती बोटं आपल्या मराठी मुलखातली आहेत.

त्या सिनेमाचं नाव ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. हे नाव स्पीलबर्ग यांनी एका खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पुस्तकातून घेतलं होतं. सिनेमाच्या शेवटी गर्दीतून पुढे येणारे, फ्रेंच कट दाढीचे आणि तोंडात पाइप असलेले एक गृहस्थ काही क्षण दिसतात. ते नट नव्हेत. तेच ते प्राध्यापक, डॉ. जोसेफ ॲलन हायनेक.

सिनेमामुळे त्यांना ‘तबकडीवाले’ म्हणून जग ओळखू लागलं. पण त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ त्यांनी नेमकं उलटं काम केलं. लोकांना दिसलेली तबकडी ही तबकडी नव्हेच, हे सांगण्याचं. १९४८ ते १९६९ अशी एकवीस वर्षं ते अमेरिकन हवाई दलाचे शास्त्रीय सल्लागार होते.

आजारपणातलं पुस्तक

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० चा, शिकागोतला. घराणं मूळचं चेक. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आकाशात होता. आई शिक्षिका. लहानपणी त्यांना स्कार्लेट ताप आला आणि बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले. आई पुस्तकं वाचून दाखवायची. मुलांची पुस्तकं संपली तेव्हा तिने शाळेची पाठ्यपुस्तकं काढली. त्यात एक खगोलशास्त्राचं होतं, आणि पोराचं मन तिथेच अडकलं.

शिकागो विद्यापीठातून १९३१ मध्ये पदवी, १९३५ मध्ये डॉक्टरेट, आणि पुढच्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठात नोकरी. विषय ताऱ्यांच्या वर्णपटाचा, अगदी सरळ अभ्यासाचा. दुसऱ्या महायुद्धात ते जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत होते. लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या फ्यूजवर तिथे काम चाललं होतं. त्यामुळे लष्कराचं कामकाज आणि गुपितं सांभाळण्याची रीत त्यांना नवी नव्हती. युद्ध संपल्यावर ते परत कोलंबसला आले आणि वर्गावर रुजू झाले.

लोकांनी बघायचं, हवाई दलाने लिहून घ्यायचं

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नॉल्ड हा खासगी वैमानिक वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून जात असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. बशी पाण्यावर फेकली तर जशी उड्या मारत जाईल तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रांनी चालीची बशी वस्तूला चिकटवली आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जगभर गेला. मग काय, देशभरातून खबरींचा पाऊस पडला.

हवाई दलाला वेगळी काळजी होती. शीतयुद्ध सुरू झालं होतं. ही वस्तू रशियाची असली तर? म्हणून १९४८ च्या सुरुवातीला ओहायोतल्या डेटन इथल्या राइट-पॅटरसन तळावर ‘प्रोजेक्ट साइन’ नावाचं काम सुरू झालं. १९४९ मध्ये त्याचं नाव ‘ग्रज’ झालं आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’.

लोकांच्या खबरी शुक्र, उल्का, तारे यांच्यामुळे किती येतात, हे सांगायला खगोलशास्त्रज्ञ हवा होता. डेटनपासून जवळच कोलंबसला हायनेक होते, लष्करी गुपितांची परवानगीही त्यांच्याकडे होती. विषय त्यांना हास्यास्पद वाटायचा. दोन-चार वर्षांत हे खूळ ओसरेल अशी त्यांची खात्री होती. त्यांनी होकार दिला. दोनशेहून जास्त प्रकरणं त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यातली साधारण एक तृतीयांश त्यांनी ग्रह, तारे, उल्का म्हणून सहज निकाली काढली.

कामाची पद्धत आपल्या सरकारी कचेऱ्यांना शोभेल अशीच होती. शेतकरी, ट्रकचालक, गृहिणी किंवा वैमानिक, ज्याला काही दिसलं तो पोलिसांना किंवा जवळच्या हवाई तळाला कळवायचा. तळावरचा अधिकारी माहिती लिहून घ्यायचा आणि कागद डेटनला जायचे. पुढे त्यासाठी कित्येक पानांची प्रश्नावली झाली. वेळ काय, दिशा कुठली, किती उंचावर, हात लांब करून धरलेल्या नाण्यापेक्षा लहान की मोठं, आवाज होता का, चित्र काढून दाखवा. कागद आवक व्हायचा, त्यावर शेरा पडायचा आणि फाईल बंद.

सगळी मेख त्या शेऱ्यात होती.

शुक्राने दिलेला धडा

७ जानेवारी १९४८ ला केंटकी राज्यात लोकांना आकाशात मोठी गोल वस्तू दिसली. पोलिसांमार्फत खबर गॉडमन तळाला पोचली. हवेत असलेल्या विमानांच्या तुकडीला बघून यायला सांगितलं. तुकडीचा कॅप्टन थॉमस मँटेल एकटाच वर चढत गेला. विमानात ऑक्सिजन नव्हता. विमान कोसळलं आणि मँटेल गेला.

हवाई दलाने शुक्राकडे बोट दाखवलं, आणि हायनेक यांनीही आपल्या अहवालात तोच कयास बांधला. शुक्र त्या दिशेला होता हे खरंच. पण भर दुपारी माणसाने पाठलाग करावा इतका तो ठळक दिसणं कठीण होतं, हे पुढे त्यांनाच पटलं नाही. नंतर जे जास्त पटण्यासारखं उत्तर पुढे आलं ते ‘स्कायहूक’चं. संशोधनासाठी खूप उंचावर सोडलेले हे प्रचंड फुगे नौदलाच्या गुप्त कार्यक्रमातले होते. म्हणजे एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्याला माहीत नव्हतं. आणि फाईल बंद करायची म्हणून बिचाऱ्या शुक्रावर आळ आला.

चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर सापडलं नाही असं लिहिणं बरं, हे त्या फाईलने शिकवायला हवं होतं. ते शिकायला हायनेक यांना बरीच वर्षं लागली. हवाई दल तर शिकलंच नाही.

वॉशिंग्टनवरचे ठिपके

१९५२ मध्ये कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट ब्लू बुकचे प्रमुख झाले. ‘यूएफओ’ हा शब्द रुळवला तो यांनीच. तबकडी म्हटलं की लोक हसतात, म्हणून न ओळखलेली उडती वस्तू असं कोरडं सरकारी नाव त्यांनी वापरात आणलं. रुपेल्ट माणूस सरळ. थट्टा नको, लोकांचं नीट ऐका, असा त्यांचा खाक्या होता.

त्याच वर्षी जुलैत लागोपाठ दोन शनिवार-रविवार राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले. काही वैमानिकांना दिवेही दिसले. लढाऊ विमानं धाडली गेली. २९ जुलैला हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जनरल सॅमफर्ड यांना मोठी पत्रकार परिषद घ्यावी लागली. हवेच्या गरम आणि थंड थरांमुळे रडारला असा भास होतो, असं त्यांनी सांगितलं. १९५२ या एका वर्षात ब्लू बुककडे १,५०१ खबरी आल्या. त्यातल्या ३०३ चा उलगडा झाला नाही.

हायनेक यांनी त्या सुमारास आपल्याच जातभाईंची चाचपणी केली. ४४ खगोलशास्त्रज्ञांशी ते बोलले. त्यातल्या पाच जणांनी आपल्यालाही न उलगडलेलं काहीतरी दिसल्याचं कबूल केलं. मात्र हसं होईल म्हणून ते चारचौघांत बोलायला तयार नव्हते. रोज रात्री आकाश बघणाऱ्या माणसांची ही गत, तर शेतकऱ्याने काय करावं? १९५३ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात हायनेक यांनी लिहिलं, की थट्टा ही काही विज्ञानाची पद्धत नाही आणि लोकांनीही ती विज्ञानाची पद्धत समजू नये. त्यांच्या मनातला बदल इथून सुरू झाला. पण हवाई दल नेमकं उलट्या दिशेने चाललं होतं.

बारा तासांत निकाल

जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसवली. नोबेल पुढे ज्यांना मिळालं ते लुईस अल्वारेझ तिच्यात होते. हायनेक सहयोगी सदस्य म्हणून बसत, पण अंतिम अहवालावर त्यांची सही नव्हती. दोन हजारांवर प्रकरणांपैकी २३ समितीने पाहिली. एकूण बैठका झाल्या साधारण बारा तास.

समितीचं म्हणणं थोडक्यात असं. या वस्तूंपासून देशाला थेट धोका दिसत नाही, पण खबरींपासून आहे. लोकांनी इतक्या खबरी दिल्या की संदेशयंत्रणा तुंबेल, आणि खरोखर शत्रूची विमानं आली तर तो निरोप गर्दीत हरवेल. म्हणून लोकांच्या मनातून हा विषय उतरवा, उलगडलेली प्रकरणं माध्यमांतून दाखवा. भीती अगदीच खोटी नव्हती. पण उपाय कुठे लावला बघा. ऐकणारी यंत्रणा मजबूत करायच्या ऐवजी सांगणाऱ्याचं तोंड बंद व्हावं अशी व्यवस्था झाली.

मग हवाई दलाचा २००-२ क्रमांकाचा नियम आला. त्याचा मतितार्थ असा, की ओळख पटलेली प्रकरणंच तळावरच्या अधिकाऱ्याने पत्रकारांना सांगायची. बाकीची वर पाठवायची, त्याबद्दल बोलायचं नाही. म्हणजे जनतेला उत्तरं तेवढी दिसणार, प्रश्न दिसणारच नाहीत. रुपेल्ट १९५३ मध्ये हवाई दलातून बाहेर पडले आणि १९६० मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी हृदयविकाराने वारले. ब्लू बुकमध्ये उरले एक अधिकारी, त्यांच्या हाताखाली मोजकी माणसं आणि एक सल्लागार.

नैनितालचा कॅमेरा, गच्चीवरचे हौशी

हायनेक यांच्या आयुष्यातलं दुसरं काम फारसं सांगितलं जात नाही. ते नीट पाहिलं तर हवाई दलाचं काय चुकलं हे लगेच कळतं.

१९५६ मध्ये ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत गेले. मानव उपग्रह सोडणार होता, त्यांचा माग काढायची व्यवस्था उभी करायची होती. हायनेक यांच्याकडे दुर्बिणी-कॅमेऱ्यांच्या जाळ्याची जबाबदारी आली. बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे जगभर बारा ठिकाणी बसवले गेले. त्यातला एक आपल्या नैनितालला होता.

कॅमेऱ्यांच्या जोडीला होती ‘मूनवॉच’ योजना. वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांची ही कल्पना. शाळामास्तर, दुकानदार, विद्यार्थी असे हौशी लोक गच्चीवर, मैदानात छोट्या दुर्बिणी लावून रांगेत बसायचे आणि उपग्रह कधी कुठून गेला ते नोंदवून पाठवायचे. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा मोठे कॅमेरे अजून पूर्ण तयार नव्हते. पहिल्या काळात कामी आल्या त्या याच सामान्य माणसांच्या नोंदी. वार्ताहरांना रोज माहिती देणारे हायनेक त्या दिवसांत अमेरिकेत घरोघरी पोचले.

माणूस एकच. आकाशही तेच, आणि खबर देणारेही तसलेच साधे नागरिक. एकीकडे त्यांना काय बघायचं, कसं लिहायचं हे शिकवलं, तर त्यांच्या नोंदी शास्त्राच्या कामाला आल्या. दुसरीकडे त्यांना भास झाला असं गृहीत धरलं, तर त्यांच्या नोंदी रद्दीत गेल्या. १९६० मध्ये हायनेक नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. ब्लू बुकची नोकरी चालूच होती.

‘शक्य’चं ‘नक्की’ कसं व्हायचं

दप्तराच्या आकडेवारीत एक खोट होती. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला ती चटकन कळेल. एखाद्या खबरीवर शेरा पडायचा, विमान असण्याची शक्यता. वर्षाअखेरीस तक्ता बनवताना ‘शक्यता’ हा शब्द गळून जायचा आणि प्रकरण ‘विमान’ या रकान्यात जमा व्हायचं. फुगा, तारा, पक्षी यांचंही तसंच. माहिती अपुरी असेल तर ‘अपुरी माहिती’ असा रकाना, म्हणजे तीही उलगडल्यात जमा. न उलगडलेल्यांची टक्केवारी अशी दरवर्षी खाली जायची आणि वरचे साहेब खूश.

ताळा जुळत नसला तर प्रामाणिक कारकून ती रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवतो आणि शोधत राहतो. ब्लू बुकने सस्पेन्स खातं रिकामं दिसावं म्हणून रकमा दुसऱ्यांच्या नावावर टाकल्या. ही तक्रार हायनेक यांनी पुढे १९६८ मध्ये हवाई दलाला सविस्तर पत्रात लिहून दिली. माणसं कमी, शास्त्राचं प्रशिक्षण नाही, चौकशी वरवरची, आकडेमोड सदोष, असं सगळं त्यात होतं.

पण इतकी वर्षं ते गप्प का बसले? वातावरणशास्त्रज्ञ जेम्स मॅकडोनाल्ड यांनी १९६६ मध्ये डेटनच्या फायली पाहिल्या आणि हायनेक यांना हाच सवाल तोंडावर केला. न उलगडलेली इतकी चांगली प्रकरणं तुमच्या टेबलावरून गेली आणि तुम्ही जगाला सांगितलं नाही, हा त्यांचा आरोप. हायनेक यांचा बचाव असा होता, की कागद फक्त हवाई दलाकडे होते. भांडलो असतो तर दार बंद झालं असतं. हे खरं असेलही. नोकरीत राहून सुधारणा करू म्हणणाऱ्या किती जणांची वर्षं अशीच निघून जातात, हे कचेरीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हायनेक यांना ही बोच शेवटपर्यंत राहिली.

दोन चौकश्या

२४ एप्रिल १९६४. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावात वेगाने जाणाऱ्या मोटारीचा पाठलाग करणाऱ्या पोलिसाला आवाज आणि ज्वाळा दिसल्या. जवळ गेल्यावर अंडाकृती वस्तू आणि तिच्यापाशी दोन आकृत्या दिसल्या, असं त्याने सांगितलं. वस्तू उडून गेली. मागे जळलेली झुडपं आणि जमिनीत खुणा उरल्या. हायनेक स्वतः तिथे गेले. तो पोलीस त्यांना साधा, खरं बोलणारा माणूस वाटला. ब्लू बुकच्या दप्तरात हे प्रकरण न उलगडलेलंच राहिलं.

दुसरी चौकशी मात्र त्यांच्या नावाला कायमची चिकटली. मार्च १९६६, मिशिगन राज्य. डेक्स्टरजवळ एका शेतकरी कुटुंबाला दलदलीवर दिवे दिसले. दुसऱ्या रात्री हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातल्या डझनावारी मुलींना तसंच काही दिसलं. पोलीस, नागरी संरक्षणाचा अधिकारी असे साक्षीदारही होते. देशभरचे पत्रकार गोळा झाले. हायनेक यांना धाडण्यात आलं, आणि दोन-तीन दिवसांत उत्तर द्या असा तगादा लागला.

२५ मार्चला डेट्रॉइटला खचाखच भरलेल्या पत्रकार परिषदेत त्यांनी एक शक्यता मांडली. दलदलीत पालापाचोळा कुजून वायू तयार होतो, तो कधी कधी पेटतो आणि मंद दिवे दिसतात. सगळ्या खबरींना हे लागू नाही, आणि सिद्ध करता येणार नाही, असंही त्यांनी जोडलं. पण ‘दलदलीचा वायू’ हे दोन शब्द कानावर पडले आणि वार्ताहर फोनकडे धावले.

दुसऱ्या दिवसापासून व्यंगचित्रांना ऊत आला. मिशिगनचे लोक भडकले. आम्ही काय वेडे, आम्हाला दलदल आणि दिवे कळत नाहीत, असा त्यांचा सूर. त्याआधी वीस वर्षं ज्यांना वेड्यात काढलं त्या सगळ्यांचा राग एका दिवसात हायनेक यांच्यावर निघाला. गंमत अशी, की तो खुलासा काही अंशी बरोबरही असू शकेल. पण बरोबर असून उपयोग काय? ‘शुक्र’ आणि ‘भास’ ऐकून लोकांचा विश्वास केव्हाच उडाला होता.

मिशिगनचे लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. ५ एप्रिल १९६६ ला प्रतिनिधीगृहाच्या सैन्यदल समितीपुढे सुनावणी झाली. तिथे हायनेक यांनी हवाई दलाच्या ठरलेल्या सुराबाहेर जाऊन सांगितलं, की या प्रश्नाकडे लष्कराबाहेरच्या शास्त्रज्ञांनी नीट पाहिलं पाहिजे.

दप्तर बंद

हवाई दलाने मग कोलोराडो विद्यापीठाला पाच लाखांहून जास्त डॉलर देऊन अभ्यास सोपवला. प्रमुख होते नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन. त्यांनी काम संपण्याआधीच विषयाची जाहीर टिंगल सुरू केली आणि पथकातच फूट पडली. १९६९ च्या सुरुवातीला सुमारे हजार पानांचा अहवाल आला. एकवीस वर्षांच्या अभ्यासातून विज्ञानाच्या पदरात काही पडलेलं नाही आणि पुढे पडेल असंही दिसत नाही, हा कॉन्डन यांचा निष्कर्ष पहिल्याच पानांत. आत मात्र कितीतरी प्रकरणं त्यांच्याच पथकाला उलगडली नव्हती. बहुतेक वार्ताहर पहिल्या पानांच्या पुढे गेले नाहीत.

१७ डिसेंबर १९६९ ला हवाई दलाचे सचिव रॉबर्ट सीमन्स यांनी ब्लू बुक बंद केल्याचं जाहीर केलं. हिशेब असा: एकूण खबरी १२,६१८, न उलगडलेल्या ७०१. देशाला धोका नाही, परग्रहावरून कुणी आल्याचा पुरावा नाही. फायली पुढे राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या आणि साक्षीदारांची नावं झाकून लोकांना खुल्या झाल्या.

नोकरी सुटली, काम सुरू झालं

साठीच्या घरात आलेल्या हायनेक यांनी आता मनासारखं काम हाती घेतलं. १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी खबरींची वर्गवारी केली. रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या, रडार आणि डोळा दोन्हींना दिसलेल्या वस्तू. मग साधारण दीडशे मीटरच्या आतल्या ‘निकटच्या भेटी’: पहिल्या प्रकारात फक्त दर्शन, दुसऱ्यात जमिनीवर किंवा झाडांवर खुणा, तिसऱ्यात जिवंत आकृत्या. स्पीलबर्ग यांनी सिनेमाचं नाव घेतलं ते इथूनच.

१९७३ मध्ये त्यांनी यूएफओ अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र काढलं. पोलिसांना कुठूनही फोन करता यावा म्हणून नंबर दिला. पैसा कमी, काम बरंचसं स्वयंसेवकांचं. हवाई दलाने जे करायला हवं होतं ते इथे सुरू झालं. आधी नीट ऐकायचं, मग तपासायचं, आणि कळलं नाही तर तसं लिहायचं. नोव्हेंबर १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढेही त्यांनी हाच मुद्दा मांडला.

परग्रहावरची माणसं येतात असा दावा त्यांनी कधी सिद्ध केल्याचं सांगितलं नाही. बहुसंख्य खबरी ग्रह, विमानं, फुगे यांच्याच असतात, हे ते शेवटपर्यंत मान्य करत. भोळसट मंडळी त्यांच्यावर नाराज, कारण ते ठाम बोलत नाहीत. शास्त्रज्ञ नाराज, कारण ते विषय सोडत नाहीत. उतारवयात त्यांचे काही तर्क फार लांब गेले, अगदी दुसऱ्या मितींपर्यंत, आणि त्यावर टीकाही झाली. ती रास्त होती. पण कागद नीट ठेवा, सांगणाऱ्याला हसू नका, हा त्यांचा मूळ आग्रह त्या तर्कांवर अवलंबून नाही.

२७ एप्रिल १९८६ ला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथे मेंदूतल्या गाठीने त्यांचं निधन झालं. ७६ वं वर्ष पूर्ण व्हायला चार दिवस होते. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू पुन्हा आला होता.

सस्पेन्स खातं पुन्हा उघडलं

ब्लू बुक बंद झाल्यावर पन्नासेक वर्षांनी, जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता प्रमुखांच्या कार्यालयाने एक छोटा अहवाल संसदेला दिला. सैन्याकडून आलेल्या १४४ खबरींपैकी फक्त एकीचा खात्रीने उलगडा झाला होता. ती होती हवा गेलेला मोठा फुगा. बाकी १४३ बद्दल त्यांनी पुरेशी माहिती नाही असं सरळ लिहिलं. थट्टेच्या भीतीने वैमानिक खबर देत नाहीत, ही अडचणही नोंदवली. २०२२ मध्ये संरक्षण खात्यात त्यासाठी वेगळं कार्यालय झालं. २०२४ मध्ये त्याने जुन्या दप्तरांचा आढावा घेतला आणि परग्रहाचा पुरावा नाही असंच सांगितलं.

म्हणजे निष्कर्ष ब्लू बुकचाच. फरक एवढाच, की १४३ च्या रकान्यात या वेळी कुणी शुक्र, फुगा किंवा दलदल भरून टाकली नाही. हायनेक १९६८ च्या पत्रात जे मागत होते त्यातलं निदान इतकं तरी, ते गेल्यावर पस्तीस वर्षांनी, सरकारी कागदावर आलं.